स्फटिकाचा मुजरा

कोल्हापूर
९ जानेवारी २०२५

आक्का,

तुझ्या कानांनी राजीनामा दिल्यापासून फोन बंद, आणि मेसेज म्हणजे तुला काचेवरच्या मुंग्या. म्हणून हा कागद. आत्तीला पत्र लिहिणारी या हॉस्टेलवर मी एकटीच आहे. पोस्टाचं तिकीट कुठं मिळतं हे विचारलं तर मुली हसतात.

बातमी अशी, की माझा स्फटिक हलला. पाच वर्षं ज्याच्यामागं लागले होते ती पिवळट काडी, केसाएवढी जाड, नखाच्या लांबीची, जांभळा उजेड टाकला की नारिंगी होते आणि वाकते. पिवळा उजेड टाकला की परत सरळ. हात लावायचा नाही, तार जोडायची नाही, नुसता उजेड. माझ्याबरोबर काम करणाऱ्या जरीनानं आणि मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा आम्ही दोघी ओरडलो, आणि खालच्या मजल्यावरचा शिपाई साप निघाला समजून काठी घेऊन वर आला.

तू शाळेत आम्हाला दोऱ्याला तुरटीचे खडे वाढवायला शिकवायचीस ना, पद्धत तीच. फक्त ही तुरटी नाही, कार्बनची वस्तू आहे, सेंद्रिय म्हणतात. खाली संस्थेच्या ऑफिसात बसणाऱ्या आपल्या विश्वजितला सांगितलं तर म्हणतो, "म्हंजे सेंद्रिय गुळागत?" मी म्हटलं, तसलंच, फक्त खाऊ नकोस. याच्या एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण असतं. बाहेरून वीज लावली की टोकं अदलाबदल करतात, आणि वीज काढून घेतली तरी बदललेलीच राहतात. आमच्या संस्थेतली निम्मी माणसं याच जातीची आहेत. पण उजेड पडल्यावर ज्याचा आकारही बदलतो आणि ही विजेची टोकंही ढिली पडतात, असा खडा आमच्याकडं हा पहिलाच.

आता घाण ऐक. आमचे गाइड, सम्राट सर, बऱ्याच वर्षांनी प्रयोगशाळेत आले, सूक्ष्मदर्शकाच्या स्टुलावर दोन मिनिटं बसले, "वा वा" म्हणाले आणि गेले. पेपरवर शेवटचा हात त्यांनीच फिरवला आणि पाठवूनही दिला. दुसऱ्या दिवशी गेटवर डिजिटल बोर्ड. मध्ये संस्थापक आकाराम आबा, दोन मजली. शेजारी सर, एक मजली. कोपऱ्यात स्फटिक, म्हणजे इंटरनेटवरून उचललेला हिऱ्याचा फोटो. मी आणि जरीना कुठंच नाही. नसल्याचं वाईट वाटलं नाही. त्या हिऱ्याची मात्र शिसारी आली.

तुझी
संयोगिता


गारगोटी
१५ जानेवारी

संयो,

पत्र वाचून मी एकटीच घरात टाळ्या वाजवल्या. मला त्या ऐकू आल्या नाहीत, पण शेजारची बाळाबाई दार वाजवायला आली म्हणजे मोठ्या असणार. तिला सांगितलं, की आमच्या संयोनं खडा वाकवला. ती पाटीवर न लिहिताच म्हणाली असावी, "मग त्यात काय?" ओठांवरून तसंच वाटलं.

तू सगळं लिहिलंस, पण मास्तरणीला हवं तेच लिहिलं नाहीस. वाकतो म्हणजे कुठं वाकतो? माझ्या खिडकीतली तुळस उजेडाकडं वाकते. तुझी काडी तशीच, की उजेडापासून लांब? मला डोळ्यांपुढं चित्र उभं करायचंय आणि एका ओळीवाचून ते अडलंय.

बोर्डाचं मनावर घेऊ नकोस. आमच्या इथं बैलानं शर्यत जिंकली तरी बोर्डावर बैल कोपऱ्यात असतो. पण हिरा? शिकलेली माणसं ना ती?

विश्वजितला म्हणावं, मला भेटायला येतोस ते हात हलवत येऊ नकोस. स्टँडवरचं चिरमुऱ्यांचं पुडकं तरी आण.

आक्का


कोल्हापूर
२४ जानेवारी

आक्का,

तुझ्या एका ओळीनं माझं वाटोळं केलं.

उत्तर असं: लांब. ज्या बाजूवर उजेड पडतो ती बाजू पसरते, म्हणून काडी उजेडाकडं पाठ करून पलीकडं झुकते. तुझ्या तुळशीच्या बरोबर उलट. हे तुला नीट लिहावं म्हणून सरांनी पाठवलेला पेपर मी पुन्हा उघडला. मी लिहिलं होतं "प्रकाशापासून दूर". सरांनी ते खोडून केलंय "प्रकाशाकडे". तिन्ही ठिकाणी.

का, ते मला लगेच कळलं. आठवीत तू काचेखाली वर्तमानपत्रातलं अक्षर ठेवून आम्हाला दाखवलंस, की सूक्ष्मदर्शकात डावं ते उजवं दिसतं. सर त्या स्टुलावर दोन मिनिटं बसले. दिवा खोलीत डावीकडं, आत काडी डावीकडं झुकलेली. झालं. आठवीतल्या पोराची चूक, आणि डॉक्टरेट घेऊन केलेली.

मी साधं भिंग घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, नुसत्या भिंगातून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. ते चहा पीत होते. म्हणाले, "भिंगातनं बघायला मी काय जोतिबाच्या जत्रेत आलोय? मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पेपर गेलाय, बोर्ड लागलाय, आबांना सांगून झालंय. आता काय आबांना सांगू, की खडा उलटा फिरतोय?" मी म्हटलं, हो. त्यावर त्यांनी बशीतला चहा फुर्र करून ओढला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तुझं बरं आहे.

म्हणजे आता माझ्या नावावर, माझ्या पाच वर्षांवर, एक खोटं वाक्य छापून येणार. जगातल्या कुठल्याही मुलीनं असला खडा वाढवला आणि दिवा लावला, की तिला पहिल्याच दिवशी कळेल, की कोल्हापूरच्या या बाईला डावं-उजवं कळत नाही.

आणि एवढ्यानं भागलं नाही. १६ फेब्रुवारीला आबांचा अमृतमहोत्सव आहे. मैदानात मांडव, मोठा पडदा, हलगी. सर म्हणाले, "संयोगिता, तुझा खडा आबांना मुजरा करनार हाय." आबांचा पुठ्ठ्याचा उभा फोटो करायचा, त्याच्या कपाळाला भोक पाडायचं, भोकात जांभळा दिवा. तो लावला की आबांच्या तेजानं स्फटिक त्यांच्यापुढं झुकणार, आणि कॅमेऱ्यातून ते पडद्यावर सगळ्या जिल्ह्याला दिसणार. काडीच्या शेंड्याला कागदाचा इवलासा भगवा फेटा चिकटवायचा, म्हणजे मुजरा उठून दिसेल.

मी बाहेर येऊन बेसिनपाशी उभी राहिले. तोंडावर पाणी मारत राहिले. जरीना पाठीवर हात फिरवत म्हणाली, "संयो, ह्याला मुजरा शिकवायला आपण पाच वर्सं घातली व्हय गं?"

संयोगिता


गारगोटी
१ फेब्रुवारी

संयो,

वाचतानाच तोंडात कडू पाणी आलं. कपाळाला भोक! जित्या माणसाच्या!

आता ऐक. तू एकदा सांगितलंस. नीट, भिंग घेऊन सांगितलंस. बास. पुन्हा सांगायला जाऊ नकोस. सूक्ष्मदर्शकात उलटं दिसतं, पण मांडवात कॅमेरा असणार ना? कॅमेऱ्यात डावं ते डावंच दिसतं. कपाळात दिवा लागला की तुझी काडी आबांकडं पाठ करणार, अख्ख्या जिल्ह्यासमोर. मग तुझ्या सरांना पेपर दुरुस्त केल्याशिवाय गत्यंतर नाही. आपण गप्प बसावं आणि खड्याला बोलू द्यावं.

अंबाबाईच्या किरणोत्सवाला मी इतकी वर्षं येते ती का? भक्ती आहेच, पण खरं सांगू, मला तिथली माणसं आवडतात. मावळतीचे किरण देवीच्या पायांवर आले की सगळे गाभाऱ्याकडं डोळे लावून बसतात. ढग आला आणि किरण गुडघ्यावरच विरले, तर लोक बाहेर येऊन गुडघ्यापर्यंतच सांगतात. देवीनं वाकून घेतले, असं कोणी म्हणत नाही. जिथं सगळे एकदम बघतात तिथं खोटं टिकत नाही. तुझ्या मांडवातही हजारो डोळे असतील.

विश्वजित येऊन गेला. चिरमुरे आणले, मऊ. पाटीवर लिहून दाखवलं, "ताईला गप ऱ्हायला सांग. माझी कायम होण्याची ऑर्डर आबांच्या सहीला गेलीया." मी वाचलं आणि पाटी पुसली. तोही गप्प बस म्हणतो, मीही म्हणते. पण त्याच्या आणि माझ्या गप्पपणाला एका पंगतीत बसवू नकोस.

मला पास पाठव. पुढची खुर्ची पाहिजे.

आक्का


कोल्हापूर
८ फेब्रुवारी

आक्का,

पास सोबत आहे. माजी शिक्षकांच्या पहिल्या रांगेतली खुर्ची विश्वजितनं मिळवून दिली. मी गप्प बसलेय म्हणून तो फार गोड वागतोय. परवा मला वडा आणून दिला. तो मी जरीनाला दिला.

तुझं पटलं. गप्प बसलेय. रोज सर येतात, "व्हय ना गं, झुकतोय ना?" विचारतात. मी म्हणते, झुकतो सर. कुठं, ते ते विचारत नाहीत.

धड खडा आता एकच उरलाय. बाकीच्यांना वाकून वाकून बारीक चिरा गेल्यात. खरं तर याच्यावर मला पुढची मोजमापं करायची होती. त्याऐवजी काल जरीनानं श्वास रोखून, सुईच्या टोकानं, त्याच्या शेंड्याला फेटा चिकटवला. आम्ही त्याला कधी बोटानं शिवलो नव्हतो, आक्का. काचेच्या झाकणाखाली ठेवायचो, धूळ बसू नये म्हणून. आणि आता फेटा. तो दिसतोही गोंडस, याचीच जास्त चीड येते.

पुठ्ठ्याचे आबा आमच्या खोलीत आणून ठेवलेत. कपाळाला भोक पाडून झालंय. भिंतीला टेकून दिवसभर आमच्याकडं बघत हसतात. त्यांच्यासमोर डबा उघडवत नाही, म्हणून आम्ही जिन्यात बसून जेवतो.

सोळाची वाट बघतेय. एकदा सगळ्यांनी बघू दे. मग माझं वाक्य मला परत मिळेल, बाकी काही नको.

संयोगिता


गारगोटी
१८ फेब्रुवारी

माझी गुणाची लेक,

कार्यक्रम संपल्यावर तुला भेटता आलं नाही. तू पडद्यामागं होतीस आणि गारगोटीची जीप सुटायला आली होती. बाळाबाईनं मला ओढतच नेलं.

पण बघितलं! सगळं बघितलं! हलगी पायाखालच्या जमिनीतून छातीत येत होती. मग ती थांबली. पडद्यावर तुझी काडी, टोकाला फेटा, जणू लग्नातला वऱ्हाडी. पुठ्ठ्याच्या कपाळात जांभळा दिवा लागला. काडी नारिंगी होत गेली आणि मग हळूच, अगदी ठरवून केल्यासारखी, तिनं आबांकडं पाठ केली. दहा हात उंचीच्या पडद्यावर! मला हसू आवरेना.

आणि मग माणसं! मला वाटलं होतं सगळे गप्प बसतील, खाली बघतील. पण अख्खा मांडव टाळ्या वाजवत उठला! शिट्ट्याही वाजवत होते, तोंडात बोटं घातलेली दिसली मला. मी सगळ्यांच्या आधी उठले होते, हात वर करून टाळ्या वाजवत. म्हटलं, कोल्हापूरची माणसं अजून जिती आहेत. एका खड्यानं आबाला पाठ दाखवली आणि हजारोंनी त्याला शाबासकी दिली. आबा तेवढे हसत बसले होते. निगरगट्ट माणूस, दुसरं काय. तुझा तो सर तर हात जोडून उभा. माफी मागत असावा.

मी इथं आल्या आल्या पेढे वाटले. बाळाबाईचं तोंड का वाकडं झालं कुणास ठाऊक. काहीतरी सांगत होती, पण मी पाटी तिच्या हाती दिलीच नाही. म्हटलं, खा गं आधी.

पेपर दुरुस्त झाला ना? लगेच कळव.

आक्का


कोल्हापूर
२६ फेब्रुवारी

आक्का,

आठवडाभर लिहायचं टाळलं. तुझं पत्र वाचून वाटलं, हिचा आनंद असाच राहू दे. पण आता तुला सांगितल्याशिवाय इलाज नाही. का, ते शेवटी सांगते.

बाळाबाई तुला जे सांगत होती ते हे. दिवा लागला, काडीनं पाठ केली. तुझ्यासारखंच मलाही वाटलं, आता सरांचं काही खरं नाही. आणि मग तो निवेदक माइक तोंडात घालून ओरडला, "पाहा, पाहा! आबांचं तेज त्या निर्जीव खड्यालासुद्धा सोसवेना! नम्रपणे मागं सरला! अहो, आबांच्या नजरेला नजर द्यायची कुणाची टाप आहे?" आणि त्यावर त्या टाळ्या, आक्का. त्यावर त्या शिट्ट्या. सर हात जोडून उभे होते ते आबांना नमस्कार म्हणून.

तिथल्या हजारो माणसांत खड्यानं काय केलं ते फक्त तू बघितलंस, कारण तुला माइक ऐकू आला नाही.

पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. इतके खूश मी त्यांना कधी बघितले नव्हते. म्हणाले, "तुझंच खरं गं. लांबच वाकतोय. पेपर परत मागवला आनि 'दूर' करून टाकलं बघ, तिन्ही ठिकाणी. आता झालं न्हवं तुझ्या मनासारखं?" झालं. मला जे हवं होतं ते त्यांनी एका मिनिटात दिलं. भिंगातून बघून नाही, मोजून नाही. निवेदक बोलला म्हणून. तो उद्या म्हणाला असता, खडा आबांना बघून पाण्यात विरघळला, तर सरांनी तेही लिहिलं असतं.

आणि शेवटी एक ओळ वाढवलीय: या गुणधर्माला "आकाराम परिणाम" असं नाव द्यावं. लेखकांत पहिलं नाव आबांचं. ज्या माणसाला स्फटिक आणि खडीसाखर यांतला फरक माहीत नाही, त्याचं. खाली माझं, जरीनाचं, सरांचं. सगळ्यांनी सही करायची, माझीच तेवढी राहिलीय. विश्वजित रोज संध्याकाळी येऊन हॉस्टेलच्या गेटवर उभा राहतो. "ताई, येक सही. खरं छापून यायलंय न्हवं? मग तुजं काय जातंय?" खरं छापून येतंय, हे बरोबरच आहे. तरी पेन हातात घेतलं की बोटांना काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटतं, आणि मी जाऊन हात धुते.

आता का सांगितलं ते. एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर नवा बोर्ड लागलाय. डावीकडं आबा. उजवीकडं तू. हात वर, टाळ्या वाजवताना, डोळ्यांत पाणी. खाली लिहिलंय, "आबांच्या तेजाने भारावलेल्या ज्येष्ठ शिक्षिका". तू पुढच्या वेळी येशील तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या तुला तेच दिसणार होतं. ते माझ्याकडून कळलेलं बरं.

मला सगळ्याची किळस आलीय. माझ्या गप्प बसण्याचीसुद्धा.

संयोगिता


गारगोटी
२ मार्च

संयो,

बाळाबाईला पाटी दिली. तिनंही तेच लिहिलं. पेढे खाताना तिचं तोंड का वाकडं झालं होतं ते कळलं. गावात ज्यांना ज्यांना पेढे दिले ते सगळे मला काय समजले असतील? आबाची भक्तीण? मी आज दिवसभर चूळ भरतेय, तोंडाची चव जात नाही.

चूक माझीही झाली. मी म्हटलं होतं, जिथं सगळे एकदम बघतात तिथं खोटं टिकत नाही. तिथं माइक नसावा लागतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

सही कर की करू नको, ते मी सांगणार नाही. मागं एकदा सांगितलं, त्याचं काय झालं ते बघतेय. तुझं नाव तुझं आहे, त्याचं तू बघ. मी माझ्या तोंडापुरतं बघते.

बुधवारी पहिल्या एसटीनं येतेय. शिडी बघून ठेव. कापायला पात मी आणते.

आक्का


कोल्हापूर
१० मार्च

आक्का,

घरी पोचलीस हे विश्वजितकडून कळलं. गुडघा कसा आहे? या वयात शिडीवर चढायचं म्हणजे अति झालं. पण तू ऐकत नाहीस, आणि ऐकू येत नाही ही सबब तुला बरी सापडलीय.

तू वर होतीस तेव्हा खाली लोक काय बोलत होते ते तुला ऐकू आलं नाही, म्हणून लिहिते. गर्दी जमली होती. एक रिक्षावाला ओरडला, "ओ आज्जी, पडशीला की!" तू पातीनं बोर्डावरच्या स्वतःच्या फोटोच्या गळ्यापासून कापायला सुरुवात केलीस, तेव्हा एक बाई म्हणाली, "आज्जीला फोटो लई आवडलाय वाटतं, घरात लावायला निघालीया." दुसरा म्हणाला, "असनारच की, आबांच्या शेजारचा हाय." माझे डोळे भरून आले. म्हटलं, संपलं, हेही यांनी गिळलं. या गावात आता काहीही करा, त्याची आरतीच होणार.

तेव्हा शिडी धरून उभा होता तो माणूस बोलला. बाबालाल त्याचं नाव. तो बोर्ड त्यानंच टांगला होता आणि शिडीही त्याचीच. मी मागायला गेले तेव्हा कशाला पाहिजे ते त्यानं विचारलं नव्हतं. तो त्या बाईला म्हणाला, "फोटो न्ह्यायला न्हाय वं. तोंड काढून घेतलंय तिनं त्यातनं. म्या मघाधरनं बघायलोय न्हवं." आणि मान वर करून तुला म्हणाला, "हळू कापा आज्जी, म्या धरलंय." तुला ते ऐकू आलं नाही, पण तू हळूच कापलंस.

तू एसटीत बसलीस आणि मी तडक सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, आबांचं नाव काढा. ते म्हणाले, "न्हायतर?" मी म्हटलं, नाहीतर माझं काढा. मला वाटलं ते आरडाओरडा करतील, निदान विचारात पडतील. पाच वर्षं तो खडा कोणी वाढवला ते त्यांना माहीत होतं. त्यांनी संगणक माझ्याकडं वळवला, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि मला दिसेल असं खोडलं. मग चहा मागवला. एकच कप.

म्हणजे पेपर छापून येईल, त्यात खरंच असेल, "प्रकाशापासून दूर" असं तिन्ही ठिकाणी असेल, आणि मी नसेन. जरीनाचं नाव आहे. तिनं काढू नये असं मीच तिला विनवलं. ती रडली. वर म्हणाली, "मला पन हात धुवावंसं वाटायलंय गं." खड्याच्या शेंड्याचा फेटा आम्ही दोघी मिळून सोडवायला गेलो, तर डिंकाबरोबर शेंडाच तुटून आला. दोन्ही तुकडे मी काचेखाली ठेवलेत. नवे वाढवायला कुठंतरी जागा मिळेल. सांगलीला एका कॉलेजात विचारलंय.

त्याच संध्याकाळी विश्वजितची कायमची ऑर्डर निघाली. माझं नाव खोडलं गेलं, त्याच संध्याकाळी. तो पेढे घेऊन आला. मला एकही खाववला नाही. तो म्हणाला, "ताई, माजं तर झालं न्हवं?" मी म्हटलं, झालं. त्याला दुसरं काय म्हणू? तो खरंच आनंदात होता.

बोर्ड अजून तिथंच आहे. नवा लावायची आठवण कोणाला झालेली नाही. आबा तसेच हसताहेत आणि शेजारी तुझ्या डोक्याच्या आकाराचं भोक. संध्याकाळी मावळतीचं ऊन त्यातून आरपार येतं आणि बाबालालच्या दुकानाच्या फळीवर पडतं. मी रोज जाता-येता तिथं थांबते. या सगळ्या गावात सध्या तेवढंच आहे, ज्याच्याकडं बघून मला किळस येत नाही.

तुझी
संयोगिता